पानं खरी, पण रिंग थर्माकोलची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नाताळसाठी घरच्या घरी ‘नैसर्गिक’ रीथ (म्हणजे पानांचं गोल कडं) कशी बनवायची त्यावर अर्धं पान आलंय ते वाचलं. फोटो सुंदर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण साहित्याची यादी वाचली आणि चष्मा पुसून परत वाचली. थर्माकोलची रिंग, ग्लू गन, फुलवाले वापरतात तो हिरवा फोम, सोनेरी स्प्रे, चमकी, आणि सगळ्यात शेवटी ‘आवडीनुसार पानं व पाईन कोन’. म्हणजे नैसर्गिक काय, तर वरचा पदर! आतलं सगळं प्लास्टिक आणि त्यावर चार पानं चिकटवली की झालं नैसर्गिक, असं असेल तर मग प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर टाकून तिला पण सुती म्हणायला हरकत नाही.

मी काही तज्ज्ञ बिज्ञ नाही. एका गार्डन क्लबची मेंबर आहे आणि तीन वर्षं डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही सगळे बसून रीथ करतो, तेवढाच अनुभव. पण तेवढ्यावरून सांगते की तुमच्या यादीतल्या पहिल्या पाच वस्तूंपैकी एकही लागत नाही. एकही.

आता थोडं शब्दाविषयी, कारण त्यावरून आमच्याकडे दरवर्षी गंमत होते. रीथला मराठीत पुष्पचक्र म्हणायचं तर लगेच डोळ्यासमोर सलामी आणि दोन मिनिटं स्तब्धता येते. पहिल्या वर्षी क्लबच्या ग्रुपवर कोणीतरी ‘उद्या सकाळी पुष्पचक्र, सर्वांनी यावे’ असा मेसेज टाकला आणि दोघातिघांनी घाबरून फोन केले की कोण गेलं. तेव्हापासून आम्ही सरळ रीथ म्हणतो. तसं बघितलं तर पानांचं हे कडं दुःखाचं कमी आणि कौतुकाचंच जास्त, ऑलिम्पियाला जिंकणाऱ्याला रानटी ऑलिव्हच्या फांदीचं कडं मिळायचं, डेल्फीला लॉरेलचं. आणि नाताळाआधी मेणबत्त्या लावून ठेवतात ती ॲडव्हेंटची (म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांची) रीथ, ती हॅम्बुर्गमधल्या विखर्न नावाच्या पाद्रीबाबांनी १८३९ मध्ये केली असं सांगतात, त्यांच्या आश्रमातली मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर रोजची एक अशा छोट्या लाल आणि चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. मला यातलं चाक फार आवडतं. घरात पडलेलं होतं ते घेतलं! पुढचं सगळं पत्र त्याच मुद्द्यावर आहे असं समजा.

तर रिंग. ही वेलीची करायची, विकत आणायची नाही. द्राक्षाची, मधुमालतीची, कृष्णकमळाची, जी कुठली वेल छाटणीला आलीये ती. आमच्यातल्या एक काकू आहेत, त्यांचे हात बघत बसावेत असे, बोटांना मातीचा रंग कायमचा बसलाय. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वेल कापल्या कापल्या वळते, दोन दिवसांनी मोडते, तेव्हा घरी नेऊन मग बघू असं करायचं नाही. वाळलीच असेल तर टबात पाणी घेऊन रात्रभर बुडवून ठेवायची. अडीच-तीन मीटरची एक वेल घ्यायची, पानं ओरबाडून काढायची पण तणावे ठेवायचे (ते कुरळे तणावे दिसतात काय सुंदर, आणि पुढे डहाळी अडकवायला पण तेच कामाला येतात), हातात ताटाएवढा गोल धरायचा आणि उरलेलं शेपूट त्याच गोलाभोवती पीळ देत देत आत-बाहेर, आत-बाहेर फिरवायचं. टोक शेवटी दोन वेलींच्या मध्ये खुपसायचं. दुसरी वेल पहिलीच्या जोडापासून सुरू न करता समोरच्या बाजूने सुरू करायची, नाहीतर एक बाजू जाड नि एक बारीक होते. अशा पाच-सहा वेली झाल्या की रिंग इतकी घट्ट होते की गुडघ्यावर दाबली तरी सुटत नाही. ना गाठ, ना तार, ना गोंद!

माझी पहिली रिंग सुटली हे पण सांगून टाकते. मी पीळ न देता नुसतेच वेढे घालत गेले, वर सुतळी बांधली आणि लई भारी झालं म्हणून फोटो काढायला उचलली, तर खाली पायावर वेलींचा ढीग. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त परत टबाकडे बोट दाखवलं.

आणि रिंग मोठी घ्या, भोक मोठं ठेवा. पानं दोन्ही बाजूंनी पसरतात, आतल्या अंगाला पण, तेव्हा सुरुवातीलाच भोक लहान असेल तर ते बुजतं आणि रीथची उशी होते.

पानांचं काम सोपं आहे पण इथेच लोक ग्लू गन काढतात. कशाला? थुजा, सायप्रस, पाईन, निलगिरी, सुरू, जे कोणाकडे छाटलं गेलंय ते प्रत्येकाने आणायचं, आमच्याकडे खाली रद्दी अंथरलेली असते (बऱ्याचदा तुमचाच पेपर) आणि त्यावर ढीग. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) बोटभर-वीतभर डहाळ्या कापायच्या, तीन-चार डहाळ्यांची एक जुडी, ती रिंगवर ठेवायची, देठांवरून सुतळीचे तीन वेढे, कचकन ओढायचे आणि सुतळी कापायची नाही! हे सगळ्यात महत्त्वाचं, दोरा शेवटपर्यंत एकच राहतो, म्हणून त्याला ताण राहतो. दुसरी जुडी अशी ठेवायची की तिची पानं पहिलीच्या देठांवर येतील, आणि सगळ्या जुड्यांची दिशा एकच. असं गोल फिरत पंधरा-वीस जुड्यांत एक रिंग भरते आणि शेवटचीचे देठ पहिलीच्या पानांखाली सरकवायचे, मग सुरुवात कुठून झाली ते कोणाला सांगता येत नाही. ओढताना हयगय करायची नाही कारण डहाळ्या वाळल्या की देठ बारीक होतात आणि मग सैल बांधलेलं एकेक गळायला लागतं. उलट गरम गोंदाने चिकटवलेलं पण गळतंच की, थंडीत तो ठिसूळ होतो आणि उन्हात मऊ पडतो, आणि आहे शेवटी प्लास्टिकच, त्यामुळे त्या पानाचं नंतर खतही होत नाही.

तारेबद्दल मी एवढी कडक नाहीये. पाईन कोन सुतळीने नीट बसत नाहीत, तिथे बारीक लोखंडी तार लागते, कोनच्या अगदी खालच्या खवल्यांच्या फटीतून एक वेढा, दोन्ही टोकं मागे नेऊन पिळा, झालं. साधी तार घ्यायची, हिरवं प्लास्टिक चढवलेली नको, साधी वर्षानुवर्षं वापरता येते आणि हरवलीच तर गंजून जाते.

पाईन कोनने मला दोनदा फजित केलंय. एकदा गोळा करून आणले आणि हौसेने बरणीत भरून घरात ठेवले, तर चार दिवसांनी बरणीच्या काचेवर बारीक किडे फिरायला लागले, घरच्या उबेने बाहेर आले होते. तेव्हापासून ओव्हनमध्ये साधारण ९० ते १०० डिग्रीवर अर्धा तास ठेवते, खाली फॉइल लावून कारण डिंक पाझरतो, आणि शेजारून हलत नाही. किडे मरतात आणि कोनही मस्त उमलतात. दुसरी गंमत अशी की पानं ताजी राहावीत म्हणून मी रीथवर छान पाणी स्प्रे केलं आणि तासाभराने बघते तर सगळे कोन मिटलेले! मला वाटलं गेलं, सडलं सगळं. काकूंना फोन केला तर त्या हसतायत, वाळू दे गं, उघडतील. संध्याकाळपर्यंत उघडायला लागले पण. नंतर कळलं की कोनच्या प्रत्येक खवल्याला दोन थर असतात, बाहेरचा थर पाणी पिऊन जास्त फुगतो आणि खवला आत वळतो, वाळला की परत बाहेर. झाडावर असताना कोरड्या हवेत बी उडून जावं म्हणून ही सोय. यात जिवंत काही लागत नाही म्हणून झाडावरून पडून वर्षं झालेला कोन पण हे करतो. त्या दिवशी मी मुद्दाम एक कोन पेल्यातल्या पाण्यात टाकून बसले होते. असं खेळणं हातात असताना तुम्ही त्याच्यावर सोनेरी स्प्रे मारायला सांगताय.

आता फोम. याबद्दल मात्र मला तुमच्यावर जरा रागच आहे कारण लेखात त्याच्यापुढे ‘सहज मिळतो, पाणी धरून ठेवतो’ एवढंच लिहिलंय. तो हिरवा ठोकळा १९५४ पासून बाजारात आहे आणि तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असतो, म्हणजे प्लास्टिक, जे बोटांनी दाबलं की चुरा होतं. तो चुरा बादलीतल्या पाण्याबरोबर मोरीत जातो. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले दोन्हीकडचे प्राणी हे कण खातात आणि त्यातून रसायनं पाण्यात पण उतरतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या फुलांच्या प्रदर्शनांत हा फोम बंदच केलाय. चमकीचं पण तेच, युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुटी प्लास्टिकची चमकी विकायलाच बंदी घातली. बागकाम करणारी एवढी मोठी माणसं हे सोडतायत आणि आपण ते ‘नैसर्गिक’ म्हणून छापतोय. शिवाय या रीथला पाणी धरणारं काही लागतही नाही, डहाळ्या आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवल्या, रीथ उन्हात न टांगता बाहेर गार सावलीत टांगली आणि अधूनमधून पाणी मारलं की तीनेक आठवडे आरामात जातात. निलगिरी जास्त टिकवायची असेल तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी करून त्यात देठं ठेवायची, दोन-तीन आठवड्यांत पानं ते पिऊन घेतात, रंग जरा तपकिरीकडे जातो पण पानं चामड्यासारखी मऊ राहतात.

एक धोक्याचं आहे ते लेखात असायलाच हवं होतं. ‘आवडीनुसार लाल बिया’ असं तुम्ही लिहिलंय. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीने मूठभर गुंजा आणल्या, लाल आणि वर काळा टिळा, रीथवर ओवून लावल्या तर काय दिसतील! काकूंनी त्या एकेक मोजून परत पाकिटात टाकल्या आणि पाकीट तिच्या पर्समध्ये घालून चेन लावली. गुंजेत ॲब्रिन नावाचं जालीम विष असतं, वरचं कवच कडक असतं तोवर ते आत राहतं पण ओवायला भोक पाडलं की संपलं. कण्हेरीच्या डहाळ्या पण नकोत, तिचा चीकही विषारी. परदेशी फोटोत दिसतात ती हॉली, मिसलटो, यू यांची फळं पण लहान मुलांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या तोंडात जाऊ देण्यासारखी नाहीत. लालच पाहिजे तर गुलाबाची फळं घ्या नाहीतर संत्र्याच्या पातळ चकत्या मंद ओव्हनमध्ये तीन-चार तास वाळवा, उजेडासमोर टांगल्या की काचेसारख्या दिसतात.

आणि शेवाळ रानातून खरवडून आणू नका प्लीज. बसकण बनवायला म्हणून पोतंभर काढतात, पण परत तेवढं यायला वर्षं लागतात. आमच्याकडे नियम साधा आहे, छाटलेलं किंवा पडलेलं, एवढंच आणायचं. त्यामुळे एखाद्या वर्षी हिरवं कमी आणि काटक्याच जास्त अशी रीथ होते, आम्हाला चालते.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी ती यादी दुरुस्त करून छापा, जमलं तर तेवढ्याच मोठ्या फोटोसकट. वेल, डहाळ्या, सुतळी, सिकेटर, थोडी साधी तार. पाच वस्तू, जागा पण कमी लागेल. आणि लेखाच्या शेवटी ‘सणानंतर रीथ जपून बॉक्समध्ये ठेवा’ असं आहे त्याच्याऐवजी लिहा की सुतळी कापा, वाळलेली पानं खताच्या खड्ड्यात टाका, सुतळी पण त्यातच टाका, तार आणि कोन पुढच्या वर्षाला ठेवा आणि रिंग खिळ्याला अडकवा. ती परत लागते.

मी टबात परत भिजवून वळलेली ती रिंग अजून गॅलरीत आहे, हे तिसरं वर्ष. वाळून एका बाजूने अंडाकृती झालीये आणि मागच्या पावसात तिच्यात कोळ्याने जाळं केलं होतं. यंदा थुजा लावायचाय तिच्यावर. फोटो हवा असेल तर पाठवते, पण चमकत नाही हां तो.

आपली,
रविवारची पुरवणी आधी उघडणारी एक वाचक