फिटच्या गोळीत खंड पडू नये म्हणून : दरमहा वर्गणीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

कुणाला लकवा झाला की पहिले आठ दिवस आपली माणसं धावून येतात. कुणी डबा पोहोचवतं, कुणी जयारोग्य रुग्णालयात रात्री उशाशी बसतं, एमआरआयचे पैसेही उभे राहतात. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना हे सांगावं लागत नाही. पण सहा-आठ महिन्यांनी त्याच घरात फिट येते, तेव्हा डबे बंद झालेले असतात आणि साठवलेलं संपलेलं असतं.

लकव्यात मेंदूचा जो भाग दुखावतो तिथे व्रण राहतो. पुढे त्यातूनच फिट उठू शकते. सगळ्यांना येत नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना धोका जास्त. पहिल्या सात दिवसांतली फिट डॉक्टर वेगळी धरतात. त्यानंतर एकदा जरी आली, तरी पुन्हा येण्याची शक्यता एवढी असते की 2014च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे तिला मिरगीच म्हणता येतं. घरात हा शब्द काढायला लोक बिचकतात, विशेषतः मुलीचं लग्न ठरायचं असेल तर. अहो, ही व्रणातून आलेली मिरगी, ती लेकरांकडे वारशाने जात नाही!

जनकगंजातल्या एका काकूंचा डावा हात अधूनमधून थडथडायचा. शीर आखडली असेल म्हणून घरच्यांनी तेल चोळलं. मग एका पहाटे मोठी फिट आली आणि नंतर हात पार लुळा पडला. दुसरा लकवाच झाला, असं वाटून रडारड झाली. फिटनंतर असा लुळेपणा येतो आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतो. तरी तो लकवा नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यामुळे दवाखाना गाठलाच पाहिजे. काकूंना गोळ्या लागू पडल्या. चार महिने काही झालं नाही. मग पैशांची ओढाताण झाली, 'आता बरंय' म्हणून गोळ्या बंद केल्या, आणि पुन्हा फिट. या गोळ्या अचानक तोडायच्या नसतात.

म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा आम्ही वर्षभर दरमहा 200 रुपये मागतो आहोत. गणपतीच्या वर्गणीतून उरलेली रक्कम मंडळाने यात आधीच घातली आहे. पैसे हातात न देता डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे जनऔषधी केंद्रातून औषध घेऊन देऊ. तिथे न मिळालं तर बाहेरून. पावती मिळेल, हिशेब कार्यालयाच्या फळ्यावर लागेल, रुग्णाचं नाव मात्र कुठेही लागणार नाही.

ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. रुग्णाजवळ बसायचं, म्हणजे घरच्या बाईला बाजार तरी करता येईल. बसणाऱ्यांना एवढं शिकवूच : फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

नावं दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात नोंदवता येतील. आणि तुमच्याच घरी असा रुग्ण असेल तर संकोच न करता तेवढं कानावर घाला.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, लष्कर, ग्वाल्हेर