रोजे राहिले तरी ईद तुझीच

प्रिय दोस्ता,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र पोचलं. बायपासनंतर आता जिना चढता येतो, रात्री झोप लागते, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि पत्र हातातच राहिलं. तू लिहिलंस, "घरातली पोरंसुद्धा रोजेदार आणि मी सगळा महिना वेळेवर जेवून गोळ्या घेत बसलो. ईद ज्यांनी रोजे धरले त्यांची. मी नवे कपडे घालून ईदगाहवर कोणत्या तोंडानं जाऊ? यंदा घरीच बसेन म्हणतो."

आत्ताच तरावीहच्या, रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजहून आलोय. शेवटचा अशरा, म्हणजे महिन्याचे शेवटचे दहा दिवस, चालू आहेत, चांद दिसायला फार दिवस उरले नाहीत. फोनवर हा विषय काढला असता तर तू "बरं बरं" म्हणून टाळला असतास, म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच. थकलास तर दोन बैठकांत वाच, पण सगळं वाच.

रमजान आणि ईद एकमेकांना बांधलेले आहेत, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण ज्या आयतीनं ते बांधलेत ती पुन्हा उघडून बघ, कुरआनातल्या सूरह बकरहची १८५वी. रमजानचा महिना ज्याला लाभेल त्यानं रोजे धरावेत, असं सांगून झाल्यावर लगेच येतं की जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्यानं दुसऱ्या दिवसांत संख्या पुरी करावी. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचं आहे, अवघड करायचं नाही. आणि पुढे? संख्या पुरी करा, अल्लाहनं वाट दाखवली म्हणून त्याची थोरवी गा, शुक्र करा. ईदच्या तकबीरीचा, म्हणजे "अल्लाहु अकबर"च्या घोषाचा, आधार उलेमा, आपले धर्मपंडित, याच ओळीत दाखवतात. म्हणजे आजाऱ्याची सवलत आणि ईदची तकबीर एकाच आयतीत आहेत, मध्ये मोजके शब्द. ज्यानं तुला सवलत दिली, त्यानंच त्याच दमात तकबीर म्हणायला सांगितलंय. एक घ्यायचं आणि दुसऱ्याला आपण लायक नाही म्हणायचं, हे कसं जमेल?

आता फित्र्याचं, म्हणजे ईदच्या नमाजआधी गरिबांना द्यायच्या दानाचं बघ. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचं आहे. आपण लहानपणापासून फित्रा देत आलो, घरात माणसं मोजायची आणि तेवढ्यांचा द्यायचा, म्हणून त्याचा विचार कधी थांबून केला नाही. हजरत इब्ने उमर (र.) यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, आहे की पैगंबरांनी (स.) फित्रा ठरवून दिला तो एक साअ खजूर किंवा एक साअ जव, आणि तो गुलाम असो वा स्वतंत्र, पुरुष असो वा बाई, लहान असो वा मोठा, प्रत्येक मुसलमानावर, लोक नमाजला निघण्याआधी तो दिला गेला पाहिजे. साअ म्हणजे चार मुद्द, आणि मुद्द म्हणजे मध्यम हातांच्या माणसाची भरलेली ओंजळ. माणशी चार ओंजळी धान्य. हनफी पंथाचे उलेमा गव्हाचा अर्धा साअ धरतात आणि किंमत दिली तरी चालते म्हणतात, बाकीचे इमाम धान्यच द्या म्हणतात.

या हदीसीतला "लहान" शब्द मला यंदा अडवून धरतो. चांदरातीच्या आदल्या दिवशी जन्मलेल्या बाळाचाही फित्रा बाप देतो. त्या बाळानं कुठला रोजा धरला? भूक म्हणजे काय हेही त्याला नीट ठाऊक नाही. तरी त्याच्या नावचं धान्य घरातून निघतं आणि कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचतं. ज्यानं आजारामुळे एकही रोजा धरला नाही त्याच्यावरचाही फित्रा उतरत नाही. ईद फक्त रोजेदारांची असती तर फित्राही फक्त त्यांनाच लागू झाला असता. हजरत इब्ने अब्बास (र.) यांनी फित्र्याची दोन कारणं सांगितलीत. रोजेदाराच्या तोंडून निघालेलं वायफळ आणि वाईट धुऊन निघावं हे एक, आणि गरिबाच्या घरी अन्न जावं हे दुसरं. पहिलं या वर्षी तुला लागू नसेल, पण दुसऱ्यात तुझा वाटा माझ्याइतकाच आहे. आणि बहुतेक इमामांच्या मते ज्याच्या घरी ईदच्या दिवसरात्रीपुरतं खाऊन थोडं उरतं त्यानंही फित्रा द्यायचा. म्हणजे घेणाराही देणारा होऊ शकतो. त्या सकाळी कुणाला हात पसरून फिरावं लागू नये, एवढी तजवीज आधी आणि मग नमाज. उपास सुटल्याचा सण, आणि त्याचं पहिलं काम दुसऱ्याच्या घरचा उपास सोडवण्याचं! नमाजनंतर दिलं तर तो साधा सदका, म्हणजे एरवीचं दान, होतो, फित्रा राहत नाही. या क्रमावर माझा फार जीव आहे.

बायकांचं उदाहरण देतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सगळ्यात स्पष्ट दिसतं. हजरत उम्मे अतिय्या (र.) सांगतात की ईदच्या दिवशी तरुण मुलींना, पडद्यातल्या बायकांना, इतकंच काय पाळी आलेल्या बायकांनाही बाहेर आणायचा आम्हाला हुकूम होता. पाळी आलेल्यांनी नमाजच्या जागेपासून जरा बाजूला राहावं, पण त्या दिवसाच्या भल्यात आणि सगळ्यांच्या दुआत सामील व्हावं. कुणीतरी विचारलं, एखादीकडे अंगावर घ्यायला चादर नसेल तर? उत्तर आलं, तिच्या बहिणीनं आपली द्यावी. आता सांग, त्या बायकांना त्या दिवशी नमाजही नव्हती आणि रमजानातले काही रोजेही सुटलेले असणार. आजही जगभरच्या मुसलमान घरांतल्या कितीतरी बायका दरवर्षी काही कजा, म्हणजे नंतर भरून काढायचे, रोजे शिल्लक ठेवूनच ईद करतात. त्यांना कुणी म्हणतं का, तुझे रोजे अपुरे म्हणून तू आत बस? अंगावर चादर नसण्याची सबबसुद्धा जिथं ऐकली नाही, तिथं तू छातीवरच्या टाक्यांची सबब सांगतोयस.

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात कशी आली नाही याचं मला नवल वाटतं. ईदच्या दिवशी रोजा हराम आहे. नफिल, म्हणजे आपखुशीचा, नाही, कजा नाही, कुठलाच चालत नाही. ज्यानं तीस धरले त्यालाही हुकूम खाण्याचा आणि ज्याचा एकही झाला नाही त्यालाही खाण्याचाच. पैगंबर (स.) या ईदला नमाजला निघण्याआधी खजूर खाऊन निघायचे, एक, तीन, पाच अशा विषम संख्येत, असं हजरत अनस (र.) सांगतात. महिनाभर ज्या वेळी तोंड बंद होतं, त्याच वेळी तोंडात काहीतरी टाकून घराबाहेर पडायचं. त्या सकाळी मी बेरोजा आणि तूही बेरोजा. आपल्या दोघांत काय फरक उरला?

आता तुझ्या मनातलं खरं दुखणं. आपल्या हातून काहीच झालं नाही, असं तुला वाटतंय. बुखारी शरीफमधली हदीस ऐकली असशील: बंदा आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर धडधाकट असताना, घरी असताना तो जे करायचा ते त्याच्या नावावर लिहिलं जातं. तू तरुणपणापासून रोजे चुकवले नाहीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भर उन्हाळ्यात धरलेस, परीक्षेच्या दिवसांत धरलेस. ते सगळं खातं यंदा बंद पडलं, असं तुला कुणी सांगितलं?

आणि हजरत अनस (र.) यांचीच दुसरी एक आठवण आहे. एका प्रवासात काहींचा रोजा होता, काहींचा नव्हता. दिवस तापलेला, सावली जवळपास नाहीच. मुक्कामावर पोचल्यावर रोजेदार गळून खाली बसले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी उठून तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. पैगंबर (स.) म्हणाले, आज सगळा सवाब, म्हणजे पुण्य, बेरोजेवाले घेऊन गेले. तू लिहितोस, सहरीला सगळ्यांना उठवायचं काम यंदा तू घेतलंस, इफ्तारच्या आधी ताटं लावायला भाभींच्या मदतीला बसायचास. अरे, मग तंबू कुणी ठोकला?

चांदाबद्दल थोडंसं. एका चांदापासून पुढच्या चांदापर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून महिना कधी २९चा, कधी ३०चा. चांद दिसला तर ईद. ढग आले आणि दिसला नाही तर तीस पुरे करून ईद. आभाळ कितीही भरलं तरी ती अडत नाही. वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे सौर वर्षाच्या मानानं दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००० साली तर जानेवारीत एक ईद झाली आणि डिसेंबरअखेर दुसरी. २०३३ मध्ये पुन्हा तसंच होईल. तेव्हा तू आणि मी एकाच वर्षात दोनदा ईदगाहवर असू, इन्शाअल्लाह. डॉक्टरांचं ऐकत राहा म्हणजे झालं.

आनंदाबद्दल मात्र जरा जोरात बोलणार आहे. तू तो उपकारासारखा टाळतोयस, आणि तो तर दीनचाच भाग आहे. हजरत आयशा (र.) यांच्या घरी ईदच्या दिवसांत दोन मुली गात होत्या. त्यांचे वडील हजरत अबू बक्र (र.) आले आणि रागावले. पैगंबर (स.) म्हणाले, राहू दे त्यांना, प्रत्येक लोकांची ईद असते, ही आपली ईद आहे. त्या काळात मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. आयशांना ते बघायचे होते, तर पैगंबर (स.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले, त्यांचं मन भरेपर्यंत. खेळ बघणारी तरुण बायको आणि तिच्यासाठी उभा राहिलेला नवरा, हेही आपल्या ईदचंच चित्र आहे. त्यांनी कुणाला "तुझे किती झाले?" असं विचारल्याचं मी कुठं वाचलं नाही. तू तोंड पाडून आतल्या खोलीत बसलास तर घरातल्या पोरांची ईद काय होईल? अब्बा आजारी आहेत म्हणून हळू बोला, हेच त्यांच्या लक्षात राहील.

तेव्हा असं कर. चांदरातीला सूर्य मावळला की तकबीर सुरू कर, दम लागत असेल तर मनातल्या मनात. फित्रा तोवर देऊन झालेला असू दे. ईदच्या एकदोन दिवस आधी दिला तरी चालतो, सहाबा, म्हणजे पैगंबरांचे (स.) साथीदारही तसा देत. सकाळी गुस्ल, म्हणजे अंघोळ; टाके भिजवायचे नसतील तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. असतील त्यातले चांगले कपडे, अत्तर, तोंडात एखादा खजूर. नमाज दोनच रकाती आहेत, अजान नाही, इकामत, म्हणजे नमाज उभी राहतानाची हाक, नाही. इमामांमागे जादा तकबीरी तुझ्या मशिदीत तीन-तीन होतात की सात आणि पाच, तशा हात उचलून म्हण. खांदा दुखला तर हात थोडेच उचल. उभं राहवत नसेल तर खुर्ची घे. उभं राहणं जमेना तर बसून पढ, बसणंही जमेना तर कुशीवर पडून, इतकी मोकळीक आपल्याला आहे. खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, नमाजनंतर असतो, तो बसूनच ऐकायचा. जाताना एका रस्त्यानं आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं, ही सुन्नत आहे; तुझ्यासाठी जो रस्ता जवळचा आणि सपाट तो येतानाला ठेव, जाताना ताकद असते. भेटेल त्याला म्हण, "तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम", अल्लाह आमचंही कबूल करो आणि तुमचंही. सहाबा ईदला एकमेकांना हेच म्हणायचे. समोरच्याच्या कबुलीसाठी तू दुआ करशील आणि तो तुझ्यासाठी करेल.

राहता राहिले कजा रोजे. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सरळ विचार की पुढे कधी धरता येतील का. येणार असतील तर फिदया, म्हणजे रोज्याची भरपाई, देऊन मोकळा होऊ नकोस, वाट बघ. कधीच जमणार नाहीत असं ते म्हणाले तर रोज्यामागे एका गरिबाचं जेवण, आणि त्यातही मन खट्टू करायचं नाही. जमतील म्हणाले तर दिवस लहान होतील तेव्हा आठवड्यातला एखादा दिवस ठरवू. तुझा कजा, माझा नफिल. सहरीला मी फोन करून उठवीन, इफ्तारला तू कर.

तपासणीची तारीख कळव. भाभींना सलाम सांग, पोरांना प्यार. ईदच्या दिवशी नमाजहून आलास की लगेच फोन कर, मी वाट बघतोय.

तुझाच,
जिवलग