‘ऑफलाइन’ म्हणून विकलेल्या डिजिटल वर्गसंचाबाबत तक्रार

दिनांक : 14 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इंटरॅक्टिव्ह पॅनेल व पाच लॅपटॉप बंद असणे, तसेच तक्रार न सोडवता परस्पर निकाली काढणे.

महोदय,

परवा, 12 ऑगस्ट रोजी, तुमच्या ग्राहक सेवा कक्षाशी सहाव्यांदा बोलणे झाले आणि त्यानंतर फोनवर बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवीत आहे. संच तुमचाच असल्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. 65 इंची पॅनेल (बोटाने चालणारा मोठा पडदा), पाच लॅपटॉप आणि पहिली ते पाचवीचा ‘संपूर्ण मराठी, संपूर्ण ऑफलाइन’ अभ्यासक्रम, असे मिळून 2,35,000 रुपयांचे बिल 6 जानेवारी 2025 रोजी झाले असून हमी तीन वर्षांची आहे. बिलाची व माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

आमची शाळा परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात आहे. द्विशिक्षकी आहे. वर्गात मोबाइलला रेंज येत नाही, ही गोष्ट तुमच्या विक्री प्रतिनिधीने शाळेत उभे राहून, स्वतःचा फोन वर धरून पाहिलेली आहे. त्यावर, ‘म्हणूनच हा संच तुमच्यासाठी आहे, याला इंटरनेट लागतच नाही,’ असे त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसमोर सांगितले. त्या एका वाक्यावर गावाने लोकवर्गणी केली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आणि बाजारात मात्र त्याहून कमी दर, असा तो हंगाम होता. तरीही काहींनी रोख नाही तर सोयाबीनचा कट्टा आणून दिला. ही रक्कम कुठल्या अनुदानातून आलेली नाही, हे तुमच्या लक्षात असावे.

26 जानेवारीला पॅनेल सुरू झाले आणि महिनाही पूर्ण होण्याआधी पाचही लॅपटॉपवर ‘परवान्याच्या पडताळणीसाठी इंटरनेटशी जोडा’ अशी सूचना आली. दर तीस दिवसांनी ती येते आणि पडताळणी होईपर्यंत एकही पाठ उघडत नाही. गावात रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळ. त्यामुळे दर महिन्याला मी पाच लॅपटॉप पिशवीत घालून टाकीपर्यंत जाते, मोबाइलवरून इंटरनेट जोडते आणि ऑफलाइन अभ्यासक्रम ऑनलाइन करून परत आणते. शासनाचे दीक्षा ॲप विनामूल्य आहे. त्यावरील पाठ एकदा उतरवून घेतले की रेंज नसतानाही मुलांना दाखवता येतात. फुकटच्या गोष्टीला जे जमते ते दोन लाख पस्तीस हजारांच्या गोष्टीला का जमू नये, याचे उत्तर सहा फोनमध्ये मिळालेले नाही. 20 जुलैपासून तर टाकीजवळ नेऊनही पडताळणी होत नाही.

जूनपासून पॅनेलच्या डाव्या बाजूचा साधारण एक तृतीयांश भाग स्पर्श घेत नाही. बोटाचा स्पर्श ओळखणारी पडद्याभोवतीची इन्फ्रारेड चौकट कोरड्या कापडाने पुसणे, दाराचा उजेड अडवणे, पॅनेल बंद करून पुन्हा सुरू करणे, हे सर्व तुमच्या पुस्तिकेप्रमाणे केलेले आहे. मराठी डावीकडून लिहितात. प्रत्येक ओळ जिथून सुरू व्हायची नेमका तोच भाग बंद आहे.

‘संपूर्ण मराठी’विषयीही लिहिणे भाग आहे. पहिलीच्या वाचनपाठात कमळाच्या चित्राखाली ‘कमल’ आणि शाळेच्या चित्राखाली ‘शाला’ असे छापलेले आहे. अंकांच्या पाठात 39 ला आवाज येतो ‘उनतालीस’. हिंदी अभ्यासक्रमावर मराठी वेष्टण चढवताना ‘ळ’ वाटेत सांडला असावा. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांत आधीच गोंधळणाऱ्या मुलांना मी आता आधी पॅनेल चुकीचे आहे हे शिकवते आणि मग गणित शिकवते.

आता 12 ऑगस्टच्या संभाषणाविषयी. दुपारी मधल्या सुट्टीत, टाकीजवळ उभे राहून, मी फोन लावला. सतरा मिनिटे संगीत ऐकल्यावर एक गृहस्थ बोलू लागले. मी बिल क्रमांक, पॅनेलचा अनुक्रमांक, पडद्यावरील सूचनेचा नेमका मजकूर आणि आजवर केलेले सर्व उपाय क्रमाने सांगितले. त्यांनी विचारले, लॅपटॉप चार्ज आहे का? मी म्हटले, आहे. त्यांनी विचारले, चार्जरचे बटण चालू होते का? मी म्हटले, त्याशिवाय चार्ज झाला नसता. त्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘मैडम, स्कूल में कोई सर होंगे तो उनको फोन दीजिए.’

मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम मी नोकरीच्या सुरुवातीलाच केलेला आहे. शासनाच्या यू-डायस प्रणालीत शाळेची माहिती, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि शासनाच्याच सरल पोर्टलवरील मुलांच्या नोंदी मीच भरते. लॅपटॉपचे सर्व पासवर्डही माझ्याच वहीत आहेत. हे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही, कारण वाद घालण्यापेक्षा तक्रार नोंदली जाणे मला महत्त्वाचे वाटले. सोबत आलेल्या आमच्या सहशिक्षकांच्या हाती फोन दिला. संच आल्यापासून तो त्यांना मीच शिकवीत आहे, त्यामुळे ते काहीसे बावरले. मी वहीत लिहिलेले बोट ठेवून दाखवीत गेले आणि ते तेच शब्द त्याच क्रमाने वाचीत गेले. चार्जरच्या बटणाविषयी त्यांना कुणीही विचारले नाही. तीन मिनिटांत तक्रार क्रमांक मिळाला आणि वर ‘थँक यू सर’ही मिळाले.

ही तक्रारसुद्धा त्याच दिवशी सायंकाळी बंद झाली. ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया सेवेला 1 ते 5 गुण द्यावेत,’ असा संदेश आला. शून्याची सोय त्यात ठेवलेली नाही. निराकरण कोणाचे झाले, कोणाचे समाधान झाले, याचा खुलासा व्हावा. पॅनेल आजही तसेच आहे आणि ऑफलाइन अभ्यासक्रम आजही इंटरनेट मागत आहे.

याआधीच्या फोनमध्ये लॅपटॉप व पॅनेल पुण्याच्या सेवा केंद्रात आणून देण्याचे सुचवले होते. भिंतीला बसवलेले 65 इंची पॅनेल एसटीत कुठे ठेवायचे, हे सुचवले नव्हते. माहितीपत्रकात मात्र ‘आपल्या शाळेच्या दारात सेवा’ असे ठळक छापलेले आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पॅनेलची दुरुस्ती किंवा बदली शाळेत येऊन करावी, परवान्याची मासिक पडताळणी कायमची काढून टाकावी आणि अभ्यासक्रम खरोखर मराठीत द्यावा. पंधरा दिवसांत हे झाले नाही तर संपूर्ण रक्कम परत करावी. तसेही न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये परभणी येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दाखल केली जाईल. तुमच्या बिलावर ‘वाद पुणे येथील न्यायालयाच्या कक्षेत’ असे बारीक अक्षरात छापले आहे. परंतु तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची मुभा हा कायदा देतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. गावकऱ्यांच्या पैशाचा हिशेब मला ग्रामसभेत द्यावा लागतो, त्यामुळे ही केवळ औपचारिक धमकी समजू नये. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत इतर शाळांचे शिक्षकही याच संचाची चौकशी करतात. आजवर मी ‘थोडे थांबा’ एवढेच सांगत आले आहे.

तंत्रज्ञ पाठवणार असल्यास शनिवारी शाळा सकाळची असते, हे लक्षात घ्यावे. येण्याआधी मला कळवावे. शाळेत रेंज नसल्याने फोन लागणार नाही; पत्र किंवा संदेश पाठवावा, तो टाकीजवळ गेल्यावर मिळेल.

मुख्याध्यापिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. जिंतूर, जि. परभणी