डाग दिसला की 'हिमॅन्जिओमा' लिहून मोकळं होऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या मुलाच्या उजव्या गालावर जन्मापासून लालसर डाग होता, सासूबाई म्हणायच्या लासं आहे, शेजारच्या एकीने तर ग्रहणात बाहेर पडली असशील म्हणून मलाच बोल लावला. डॉक्टरांनी कागदावर हिमॅन्जिओमा, म्हणजे लहान बाळांना होणारी रक्तवाहिन्यांची गाठ, असं लिहिलं आणि आपोआप जाईल म्हणाले म्हणून आम्ही पाच वर्षं थांबलो. डाग कमी व्हायचं सोडा, गाल गरम लागायला लागला आणि रात्री तो झोपल्यावर मी बोट ठेवलं की आत घर्र घर्र जाणवायचं, मांजराच्या गळ्याला हात लावल्यासारखं.

मग एका सर्जननी सांगितलं, रक्त पुरवणारी मोठी धमनी बांधून टाकू. नशीब की आम्ही मुंबईला जाऊन दुसरं मत घेतलं. हा हिमॅन्जिओमा नव्हताच, एव्हीएम (आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन) होता, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडलेली, मधलं केशवाहिन्यांचं जाळंच नाही. यात धमनी बांधली तर शेजारच्या बारीक धमन्या तिकडे रक्त ओढून आणतात आणि नंतर कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीने, आतून बंद करायची वाट पण जाते. हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

तिथे त्याचा फोर-डी फ्लो एमआरआय केला. साध्या एमआरआयमध्ये गाठ कुठपर्यंत आहे ते दिसतं, यात रक्त कुठून येतं, किती जोरात, कुठे जातं ते हृदयाच्या ठोक्याबरोबर तिन्ही दिशांनी मोजतात, वाहत्या रक्ताच्या सिग्नलची फेज, म्हणजे त्याच्या लहरीची स्थिती, वेगाप्रमाणे सरकते त्यावरून. क्ष-किरण अजिबात नाहीत. स्क्रीनवर गालातल्या लाल-पिवळ्या धारा बघून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बोटाला काय लागत होतं. अर्थात यात सगळंच दिसत नाही, वेगाची मर्यादा आधी सेट करावी लागते, ती कमी ठेवली तर जोराचा प्रवाह उलटा दिसतो, जास्त ठेवली तर मंद प्रवाह हरवतो, आणि अगदी बारीक वाहिन्यांसाठी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेले क्ष-किरण फोटो) करावीच लागते.

पण एवढं महागडं मशीन तालुक्याला नाही म्हणून आमची पाच वर्षं गेली असं मी म्हणणार नाही. कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, जवळच होती, हाय फ्लो (जोराचा प्रवाह) की लो फ्लो (मंद प्रवाह) हे त्यात पण कळलं असतं आणि उपचार त्यावरच ठरतात, मंद प्रवाहाच्या शिरांच्या गाठीत इंजेक्शन देऊन ती आकसवतात, म्हणजे स्क्लेरोथेरपी करतात, एव्हीएमला एम्बोलायझेशन, म्हणजे नळीतून आतली वाट बंद करणं, लागतं. हिमॅन्जिओमा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसायला लागतो, वर्षभर वाढतो आणि मग ओसरतो, हा फरक मलिकन आणि ग्लोवाकी या अमेरिकी संशोधकांनी १९८२ सालीच मांडलाय. मग आजही प्रत्येक लाल डागाला तेच नाव का?

बालरोगतज्ज्ञांना माझी हात जोडून विनंती आहे, जन्मापासूनचा डाग वाढत असेल, गरम लागत असेल तर आधी डॉपलर करा आणि रिपोर्टवर प्रवाह जोराचा की मंद ते लिहायला सांगा. तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचा, म्हणजे स्कॅन बघत नळी-सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, लेख छापाल का?

– एक आई, कराड