जिल्ह्यांच्या विमानांसाठी मुंबईत स्लॉट राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी उड्डाणे सुरू झाली तेव्हापासून, मुंबईतील स्लॉटची, म्हणजे विमान उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळांची, टंचाई आता मिटली, असे सर्रास बोलले जाते. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांनी या समजुतीवर विसंबून राहू नये, म्हणून हे पत्र.

सांताक्रूझच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. गर्दीच्या वेळी तेथे तासाला 46 विमाने उतरत वा उडत असत. आकाशात घिरट्या घालणारी विमाने आणि वाया जाणारे इंधन पाहून केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ही मर्यादा 44 केली. एका विमानाच्या वाट्याला जेमतेम 82 सेकंद येतात. एकदा माझे विमान धावपट्टीकडे वळत असताना खिडकीतून ती रांग दिसली होती. सर्वांत पुढे पंख्यांचे, सत्तरएक आसनांचे एटीआर, त्याच्या मागे सव्वादोनशे आसनांचे एअरबस आणि तिच्या मागे आणखी तीन जेट. स्लॉट मात्र प्रत्येकाला एकच लागतो, आसने कितीही असोत. मग तो दिल्लीला द्यायचा की चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गाच्या विमानतळाला, याचा हिशेब कंपनीच्या दृष्टीने अवघड नाही.

स्लॉटवाटपाच्या जगभर रूढ असलेल्या नियमांनुसार, मिळालेल्या स्लॉटपैकी 80 टक्के हंगामभर वापरले की पुढच्या वर्षी त्याच हंगामात ते त्याच कंपनीकडे राहतात. ते कोणत्या मार्गासाठी वापरावेत, याचे बंधन सहसा नसते. त्यामुळे एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसा जवळच्या मार्गाचा वापर करता येतो. मोठे विमान हाती येईपर्यंत छोट्या गावाची फेरी चालवायची आणि ते आले की स्लॉट तोच ठेवून गाव बदलायचे. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यापासून देशांतर्गत वाहतुकीचा सुमारे नव्वद टक्के वाटा इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांकडेच आहे. समूहातील कोणती कंपनी कोणत्या विमानतळावरून कोठे जाणार, हे एकाच टेबलावर ठरते. त्यात गैर काही नाही, पण त्या टेबलाशी आमच्या जिल्ह्याचे कोणी बसलेले नसते.

स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश एअरवेजने 1997 मध्ये तेथील विमाने लंडनच्या हीथ्रोवरून लंडनच्याच गॅटविक विमानतळावर हलवली आणि हीथ्रोचे मोलाचे स्लॉट दुसरीकडे वापरले. लंडन सुटले नव्हते, पण हीथ्रोहून जगभर जाणाऱ्या विमानांची जोड सुटली. ब्रिटिश एअरवेजची हीथ्रो फेरी परत यायला 2016 साल उजाडले. मुंबईतही आता दोन विमानतळ झाले आहेत. पनवेल-उरणकडे जाणाऱ्या कोकणी माणसाला नवी मुंबई सोयीची आहे, हे मान्यच. परंतु ज्याला सहारहून, म्हणजे सांताक्रूझ विमानतळाच्याच आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून, मस्कतचे वा दुबईचे विमान गाठायचे आहे, त्याला सामानासह अख्खे शहर ओलांडावे लागेल.

चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला आणि मुंबईची फेरी छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी असलेल्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली आली. योजनेतील अर्थसाह्याची मुदत तीन वर्षांची. ती सरताच 2024 मध्ये ही फेरी खंडित झाली. पैशाचे साह्य मुदतीचे असू शकते, परंतु स्लॉट एकदा महानगरांच्या मार्गाकडे गेला की तो सहजी परत मिळत नाही, हा फरक धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घेतलाच पाहिजे.

मुख्य मार्गांवर उडणाऱ्या कंपन्यांनी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान अशा भागांतही ठरावीक प्रमाणात सेवा द्यावी, हा नियम देशात 1994 पासून आहे. त्याच न्यायाने सांताक्रूझचे सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे मोजके स्लॉट राज्यातील जिल्हा विमानतळांच्या नावे नोंदवावेत. एका कंपनीने फेरी सोडली, तर स्लॉट तिच्या समूहाकडे न राहता त्याच मार्गावर उडण्यास तयार असलेल्या दुसऱ्या कंपनीला मिळावा. राज्य सरकारने ही मागणी पुढील हंगामाचे वेळापत्रक ठरण्याआधी केंद्राकडे लेखी मांडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कुडाळ