प्लॉट बघायला येण्याआधी

शहापूर,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय दिनेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आसनगावच्या बाजूला प्लॉट घ्यायचा विचार आहे हे वाचून फार आनंद झाला. निवृत्तीनंतर तू इथे राहायला आलास तर मला दुसरं काय हवं? पण ‘सगळी धरणं तिकडेच आहेत, तेव्हा पाण्याची चिंता नाही’ असं एजंटने सांगितलं म्हणतोस, त्यावर फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमेना. म्हणून हे पत्र.

धरणं आहेत, अगदी खरं. तानसा, मोडकसागर, भातसा, तिन्ही आमच्याच तालुक्यात. मुंबईने १८६० मध्ये विहार तलाव बांधला, १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेनात म्हणून १८९२ मध्ये ती तानसापर्यंत आली आणि तिथून पुढे सरकतच राहिली: वैतरणेवर मोडकसागर, इगतपुरीकडे अप्पर वैतरणा, मोखाड्यात मध्य वैतरणा. मुंबईच्या सातही तलावांची साठवण मिळून सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. त्यात विहार आणि तुळशीचा वाटा शेकड्याला तीनसुद्धा नाही, आणि एकट्या भातसाचा जवळजवळ निम्मा. तानसाचं पाणी उताराने, पंपाशिवाय जातं. भातसाचं नदीतून भिवंडीकडच्या पिसे गावापर्यंत वाहत जातं, तिथे उपसलं जातं आणि पांजरापूरला नाहीतर तुझ्या शेजारच्या भांडुपला शुद्ध होऊन शहरात शिरतं. मुलुंडला सकाळी तू चहाचं आधण ठेवतोस, ते बहुतेक आमच्याकडचंच.

आणि याच तालुक्यात होळी झाली की टँकर सुरू होतात. कसाऱ्याकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर विहिरीचा तळ दिसायला लागतो. बायका पहाटे अंधारात उठून ओहोळात खणलेल्या झिऱ्यापाशी बसतात. वाटीने पाणी काढायचं, हंडा भरायचा, पुन्हा झरायची वाट बघायची. टँकर आला तर ड्रमांची रांग, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला गाळ. माझ्या वर्गातल्या मुली मार्चपासून उशिरा येतात. कारण मी विचारत नाही, मला ठाऊक असतं.

पाऊस कमी पडतो असं नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण खाली काळा कातळ, वर पातळ माती. पडलेलं पाणी चार महिन्यांत ओढ्यांतून धावत निघून जातं. धरण दरीत, पाडे वर. पाणी वर चढवायला पंप, वीज आणि पाइप लागतात, आणि एवढ्याशा वस्तीसाठी तो खर्च कुणी लवकर करत नाही. भातसाच्या कालव्याखालच्या गावांत उन्हाळ्यातही भेंडी डोलते, तिथून काही कोसांवर हंड्यांची रांग. इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायच्या योजनेवर आता सगळ्यांची भिस्त आहे. ती पुरी होऊन वरच्या पाड्यापर्यंत नळ पोचावा, एवढंच मागणं आहे.

दिवाळी आटोपली की इथली कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. तुमच्याकडच्या नव्या इमारतींत त्यांच्या हातच्या विटा असतील. मुंबईवर माझा राग नाही, तेवढं तू मला ओळखतोस. माझे दोन्ही भाऊ तिथेच पोट भरतात. एवढ्या मोठ्या शहराला पाणी लागणारच, ते लांबूनच आणावं लागणार. पण ज्यांची घरं-शेतं भातसाच्या पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना आज टँकरकडे डोळे लावून बसावं लागतं, हे मला कोणत्याही हिशोबात बसवता येत नाही. शहर वाढेल तसं आणखी पाणी लागेल, आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरणाची तयारी चालली आहे. तिथल्या माणसांना तरी आधी नळ आणि मग धरण मिळावं.

आता तुझ्या प्लॉटबद्दल. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आणि इकडचे भाव बघता बघता चढले. डोंगराच्या कुशीत बंगले उठताहेत, प्रत्येकाची स्वतःची बोअर, कुणाचा पोहण्याचा हौदही. बोअर खोल गेली की जवळच्या पाड्याची विहीर महिनाभर आधी आटते. हे मी डोळ्यांनी बघतो आहे. म्हणून तुला मनापासून सांगतो, घेणार असशील तर पाड्याच्या विहिरीजवळचा प्लॉट घेऊ नकोस, कितीही स्वस्त असला तरी. घर बांधताना आधी जमिनीत टाकी बांध. शंभर चौरस मीटर छपरावरून पावसाळ्यात दोन लाख लिटर सहज उतरतं. त्यातलं जमेल तेवढं साठव, उरलेलं जमिनीत मुरव. लॉन लावू नकोस. आंबा, करवंद, मोह लाव, ती झाडं इथल्या उन्हाळ्याला सरावलेली आहेत.

रविवारी ये. सकाळची कसारा लोकल पकड, आसनगावला मी उभा असेन. आधी तानसाला जाऊ, वाटेत माहुलीचा किल्ला दिसेल. दुपारी पाड्यावर जाऊन तिथल्या बायकांशी बोलू. एजंटला संध्याकाळची वेळ दे. वहिनींनाही घेऊन ये. पाण्याबद्दल त्या जे प्रश्न विचारतील, ते आपल्या दोघांना सुचायचे नाहीत.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू