आधी पाणी, मग पुली

ह्यूस्टन, टेक्सास
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय राजा,

परवा फोनवर तू विचारलंस, "रेडिएटर बदलून ताकद कशी काय वाढते रे?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रेडिएटरच्या दुकानात लहानाचा मोठा झालेल्या माणसानं हे विचारावं आणि मी दोन वाक्यांत गुंडाळावं, हे मला पटेना. म्हणून पत्रच लिहायला बसलोय.

आधी घरचं. पुराचं पाणी दुकानापर्यंत आलं नाही हे ऐकून जीव भांड्यात पडला. तुमच्याकडे पंचगंगा चढायच्या आधी आमच्याकडे बेरिल वादळ येऊन गेलं होतं. पाच दिवस वीज नव्हती. गॅरेजमध्ये गाडीचा पुढचा बंपर काढून ठेवलेला, बाहेर उकाडा, आणि मी बॅटरीच्या उजेडात नळ्या मोजत बसलेला.

गाडी तू फोटोत पाहिली आहेस. २०११ ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही. चार दारांची, पोरांच्या सीट मागे बसतात, सहा गिअर हातानं टाकायचे. बोनेटखाली ६.२ लिटरचं व्ही-एट इंजिन, त्याच्या डोक्यावर ईटन कंपनीचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र), आणि कारखान्यातूनच ५५६ अश्वशक्ती. २००८ मध्ये कॅडिलॅक बनवणाऱ्या जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) जॉन हाइनरिसीनं या पिढीची गाडी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत फिरवली होती. तेव्हापासून ती माझ्या मनात होती.

आता तुझा प्रश्न. जादा हवा कोंबायचं काम टर्बोही करतो, पण तो धुराच्या जोरावर फिरतो; सुपरचार्जर मात्र इंजिनच्या क्रँकच्या पुलीवरून बेल्टनं फिरतो. त्याच्या पोटात चार-चार पाकळ्यांचे दोन पीळदार रोटर आहेत. ते दर फेऱ्याला १.९ लिटर हवा इंजिनात कोंबतात. मूळ गाडीत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ९ पीएसआय (चौरस इंचावर ९ पौंड) जास्त. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसंच. मी थर्मोडायनॅमिक्सचं जुनं सूत्र काढून मांडलं. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असेल, तर ९ पीएसआय दाबावर हवा, यंत्र अगदी आदर्श धरलं तरी, सुमारे ८० अंशांवर जाते. कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर १०० च्या पुढे. म्हणजे चहाचं आधण ज्या तापमानाला उकळतं त्या तापमानाची हवा सिलिंडरच्या दाराशी उभी. गरम हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी. शिवाय पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता भडकायला बघतं, नॉकिंग होतं. मग गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद उतरते.

हे होऊ नये म्हणून सुपरचार्जरच्या झाकणातच पाण्यावर चालणारा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) बसवलेला असतो. हवेची उष्णता पाणी घेतं, विजेचा छोटा पंप ते पाणी गाडीच्या नाकाशी असलेल्या वेगळ्या रेडिएटरकडे नेतो. त्याला इथे हीट एक्स्चेंजर म्हणतात. इंजिनचं पाणी वेगळं, हे वेगळं.

तर राजा, पूर्ण जोरात असताना या पाण्याला सुमारे २० किलोवॅट उष्णता उचलावी लागते. समज त्या चक्रात पाच लिटर पाणी आहे. मग पुढून काहीच उष्णता बाहेर गेली नाही, तर ते दर सेकंदाला जवळजवळ एक अंश तापेल. दहा सेकंद पाय दाबून ठेव, दहा अंश गेले. हा हिशेब कागदावर मांडला त्या रात्री मला गाडीचं सगळं वागणं कळलं. इथल्या अँगलटनच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पहिली फेरी झकास, दुसरी बरी, तिसरीत गाडी जड. सेन्सरवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ८४ अंश.

ताकद वाढवायची म्हटली की इथे जो तो आधी सुपरचार्जरची पुली लहान करतो. पुली लहान, रोटर जोरात, दाब जास्त. तासाभराचं काम, आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, लगेच आकडा दिसतो. मोह मलाही झाला. पण १३-१४ पीएसआयचा हिशेब केला तेव्हा हवा १३५ अंशांपर्यंत जाताना दिसली. आहे ती उष्णता पेलत नाही आणि वर अजून लादायची, हे मनाला पटेना. म्हणून आधी पाणी, मग पुली, असं ठरवलं. माझ्या या निर्णयाबद्दल मला आजही समाधान वाटतं.

हीट एक्स्चेंजर निवडण्यात तीन आठवडे घालवले. तुझ्याशी बोलायला हवं होतं. बाजारात जाडजूड कोअरचे (आतल्या नळ्या-फिनांच्या जाळीचे) खूप मिळतात आणि लोक जाडी बघूनच घेतात. पण आतल्या रांगांपर्यंत हवा पोचेस्तोवर ती तापलेली असते, आणि मागच्या इंजिन रेडिएटरला गार हवाच मिळत नाही. उन्हाळ्यात एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की इंजिन तापायचं. मी मध्यम जाडीचा, पण बंपरच्या आत मावेल तेवढा रुंद आणि उंच घेतला. कोअर आणि बंपर यांच्यातल्या फटी पत्र्यानं बंद केल्या, कारण हवेला वाट मिळाली की ती कोअरच्या बाजूनंच पळते. तुमच्या दुकानात काका ट्रकच्या रेडिएटरभोवती पत्रे बसवताना हेच सांगायचे, आठवतं?

डिक्कीत १९ लिटरची अॅल्युमिनियमची टाकी बसवली, जास्त ताकदीचा पंप घातला. टाकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थोड्या वेळाच्या जोरासाठी ती फार कामाची. सेकंदाला एक अंश चढणारं पाणी आता पाव अंशानंही चढत नाही. पण ट्रॅकवर वीस मिनिटं चालवलं की टाकीसुद्धा तापते आणि मग सगळी भिस्त पुढच्या कोअरवर. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणून शर्यतीवाले टाकीत बर्फ टाकतात. मी टाकत नाही. मला रोज चालणारी गाडी हवी आहे.

पाण्यात अँटिफ्रीझ फक्त पंचवीस टक्के घातलं, कारण ते जास्त झालं की पाण्याची उष्णता वाहण्याची शक्ती घटते. नुसतं पाणीही चालत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये या टेक्सासातही घराघरांत नळ फुटले होते.

सगळं जोडलं, चावी फिरवली, आणि तापमान आधीपेक्षा वाईट! ९० अंश. दोन दिवस मी पंपावर, सेन्सरवर, वायरिंगवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी नळ्यांना हात लावला. टाकीकडची गार, झाकणाकडची तापलेली, आणि पंपातून गुळगुळ आवाज. तेव्हा काका डोळ्यांपुढे उभे राहिले. जीपचं नाक उतारावर वर करून, टोपण उघडं ठेवून, होज हातानं दाबत बसलेले. "हवा बाहेर आल्याशिवाय पाणी आत जाणार नाही." मी गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली आणि अर्धा तास नळ्या दाबत बसलो. मोठमोठे बुडबुडे आले. नंतर फेरी मारली तेव्हा सेन्सर ५८ वर स्थिर. गॅरेजमध्ये मी एकटाच होतो, पण तुझ्या दुकानातल्या त्या पाण्याच्या हौदाशी उभं राहिल्यासारखं वाटलं.

मग पुली. २.५५ इंचांची घातली. लहान पुलीवर बेल्टची पकड कमी होते, बेल्ट घसरतो आणि काळी भुकटी उडते, म्हणून बेल्टचा वेढा वाढवणारी जास्तीची आयडलर पुली लावली. स्पार्क प्लग एका पायरीनं थंड जातीचे, गॅप थोडी कमी. इंजेक्टर आणि पेट्रोलचा पंप मोठे घेतले, कारण मला ई-८५ वर, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर, चालवायचं होतं. तू हसशील, पण इथे मक्यापासून जे इथेनॉल करतात तेच तुमच्याकडे उसाच्या मळीपासून होतं. त्याचं बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे सिलिंडरच्या आत जाऊन गारवा देतं, आणि नॉकिंगलाही दाद देत नाही. मोबदल्यात इंधन तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लागतं.

चाकांवर मोजली तेव्हा आधी ४६८ अश्वशक्ती होती, आता ५६१. आणखी काढता आली असती. पण या इंजिनचे पिस्टन ओतीव आहेत, मोठ्या कॉर्व्हेटच्या इंजिनासारखे फोर्ज केलेले नाहीत. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ओतीव आणि घडीव यांतला फरक मी काय सांगू. तिथे थांबलो. मला जास्त आनंद कशाचा झाला सांगू? गेल्या रविवारी अँगलटनला सातव्या फेरीतही तापमान ६३ च्या वर गेलं नाही आणि गाडी पहिल्या फेरीइतकीच ओढत होती.

आता एक काम कर. सोबत कोअरचा नकाशा आणि मापं पाठवतोय. यात दर इंचाला १६ फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आहेत. मला वाटतं १४ केल्या तर मागच्या रेडिएटरला जास्त हवा मिळेल, पण या पाण्याची उष्णता कमी निघेल. काकांना चष्मा लावायला सांग, नकाशा दाखव, आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. डिसेंबरात आलो की दुकानात बसून बोलूच.

काकूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
बाळू